सॅक्सोफोन हे मुळात मिरवणुकीचं वाद्य आहे

मी सॅक्सोफोन शिकतोय हे कळलं की लोकांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. एक, छातीला त्रास होत नाही का. दोन, म्हणजे आता हॉटेलात वाजवणार का. पहिल्याचं उत्तर एका ओळीचं आहे, पोटातून श्वास घ्यायला शिकलं की काही होत नाही. दुसऱ्यावर मात्र मला बरंच बोलायचंय आणि ते ठाणे स्टेशनवर गाडी यायच्या आत उभ्याउभ्या बोलून होण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसलो.

आपल्याकडे सॅक्स म्हणजे मंद दिवे, हातात ग्लास, हिरोचं काहीतरी बिनसलेलं, नाहीतर मग पाऊस आणि ओली साडी. ही प्रतिमा हिंदी सिनेमाने दिली आणि ती डोक्यात इतकी घट्ट बसलीय की हे वाद्य बंद खोलीतलं, रात्रीचं, थोडंसं बिघडलेल्या लोकांचं असं सगळ्यांना वाटतं. माझं म्हणणं अगदी उलटं आहे. हे वाद्य उघड्यावर, चालता चालता, गर्दीच्या डोक्यावरून लांबपर्यंत ऐकू जावं म्हणून जन्माला आलंय आणि जिथे जिथे ते खरं रुजलं तिथे ते आधी रस्त्यावर रुजलं, हॉलमध्ये नंतर गेलं. ठाण्यात वाढलेल्याला हे खरं तर कानाने माहीत असतं. चेंदणी कोळीवाड्यातली नारळी पौर्णिमा, आगऱ्यांची हळद, ईस्ट इंडियन लोकांच्या लग्नातलं विहिरीवर वाजतगाजत जाऊन आणलेलं उंबराचं पाणी, या सगळ्यात सॅक्स असतो. फक्त तेव्हा आपण त्याला सॅक्सोफोन म्हणत नाही, 'बँड आला' म्हणतो आणि पुढे होतो.

आता थोडं मागे जाऊ. अडॉल्फ सॅक्स हा माणूस १८१४ साली दिनां नावाच्या गावात जन्मला, आजच्या बेल्जियममध्ये. बाप वाद्यं बनवणारा. लहानपणी हा पोरगा जिन्यावरून पडला, सुई गिळली, नदीत बुडता बुडता वाचला अशा गोष्टी त्याच्याबद्दल सांगतात आणि शेजारीपाजारी म्हणे हा काही जगत नाही असंच धरून चालले होते. जगला तो, चांगला ७९ वर्षं. आधी त्याने बास क्लॅरिनेट सुधारलं, ते इतकं चांगलं केलं की आजचं बास क्लॅरिनेट बरंचसं त्याच्याच वाटेने आलेलं आहे. मग १८४२ मध्ये तो पॅरिसला गेला. तिथे बर्लिओझ नावाचा मोठा संगीतकार, जो पेपरातही लिहायचा, त्याने सॅक्सच्या वाद्यांवर भरभरून लेख लिहिला आणि हा बेल्जियमचा कारागीर एकदम चर्चेत आला. सॅक्सोफोनचं फ्रेंच पेटंट १८४६ सालचं. त्यात त्याने आपल्याला काय हवं होतं ते सरळ लिहिलंय, तंतुवाद्यांच्या जवळ जाणारा आवाज पण त्यापेक्षा जास्त जोर आणि भरीवपणा असलेला. उघड्यावर व्हायोलिनचा काय निभाव लागणार? पितळी वाद्यं दणदणीत वाजतात पण कडक वाजतात, बासरी-क्लॅरिनेट गोड पण मैदानात विरून जातात. या दोघांच्या मधली जागा रिकामी होती आणि ती सगळ्यात जास्त कुणाला खुपत होती, तर लष्कराच्या बँडला.

फ्रेंच लष्कराचे बँड त्या काळी वाईट अवस्थेत होते. सॅक्स म्हणाला माझी वाद्यं घ्या, जुन्या मंडळींनी विरोध केला, शेवटी १८४५ च्या एप्रिलमध्ये पॅरिसच्या शाँ द मार्स मैदानावर चक्क सामना लावला. आज जिथे आयफेल टॉवर उभा आहे तेच मैदान, तेव्हा अर्थात टॉवर नव्हता. एका बाजूला जुन्या पद्धतीचा बँड, दुसऱ्या बाजूला सॅक्सच्या वाद्यांचा, माणसं याच्याकडे कमी, आणि ऐकायला हजारोंची गर्दी. लोकांनी सॅक्सच्या बाजूने कौल दिला आणि त्याच वर्षी सरकारने लष्करी बँडमध्ये त्याची वाद्यं घ्यायचा हुकूम काढला. मला या प्रसंगाचं फार अप्रूप वाटतं. एखाद्या वाद्याचं नशीब मैदानात, उन्हात, उभ्या असलेल्या लोकांच्या कानांवर ठरतंय! कुठल्या दरबारात नाही, कुठल्या कमिटीच्या खोलीत नाही.

पुढचं मात्र सगळं दुःखाचं. १८४८ ची क्रांती झाली, हुकूम मागे घेतला गेला, मग तिसऱ्या नेपोलियनच्या काळात परत दिवस आले. दरम्यान पॅरिसमधले बाकीचे वाद्यनिर्माते एकत्र होऊन त्याच्यावर खटल्यांवर खटले भरत होते, पेटंट रद्द करा, हे नवीन नाहीच, वगैरे. खटले तो बरेचसे जिंकला पण पैसा त्यातच गेला, एकदा नाही तीनदा दिवाळं निघालं, १८५२, १८७३ आणि १८७७. पॅरिसच्या कॉन्झर्वेटॉरमध्ये १८५७ पासून तो सॅक्सोफोन शिकवायचा, आणि बघा, विद्यार्थी कोण, तर लष्करी बँडमधले वादक. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धानंतर तो वर्गही बंद पडला आणि पुन्हा सुरू व्हायला १९४२ उजाडलं. सत्तर वर्षं! ज्या शहरात वाद्य नावारूपाला आलं त्या शहराच्या सगळ्यात मोठ्या संगीतशाळेत ते शिकवलंच जात नव्हतं. सॅक्स १८९४ मध्ये गरिबीत गेला. नंतर मात्र बेल्जियमने त्याला २०० फ्रँकच्या नोटेवर छापलं आणि दिनांच्या पुलावर आज रंगीबेरंगी मोठे सॅक्सोफोन उभे केलेत.

सिंफनी ऑर्केस्ट्राने सॅक्सोफोनला कायमची खुर्ची कधी दिलीच नाही. फ्रेंच संगीतकारांपैकी बिझेने १८७२ मध्ये वापरला, राव्हेलने १९२८ च्या 'बोलेरो'मध्ये फार सुंदर वापरला, पण ते सगळं पाहुण्यासारखं, आलास, वाजवलंस, आता निघ. मला पूर्वी याचं वाईट वाटायचं. आता वाटतं की बरंच झालं, कारण तिथे जागा मिळाली असती तर तो पांढऱ्या शर्टात बसून राहिला असता. जागा नाही म्हणून तो बाहेर पडला आणि जगभर फिरला.

थोडं त्याच्या पोटात काय आहे ते बघू, कारण त्याशिवाय पुढची गोष्ट नीट लागणार नाही. सॅक्स पितळेचा असतो पण मोजतात त्याला लाकडी सुषिर वाद्यांमध्ये, क्लॅरिनेट आणि ओबोच्या घरात. कारण आवाज पितळेने सुरू होत नाही, माउथपीसला बांधलेल्या वेताच्या रीडने होतो. ही रीड म्हणजे एका जातीच्या बोरूचा पातळ तासलेला तुकडा, उत्तमातला बोरू दक्षिण फ्रान्सच्या व्हार भागात होतो. ट्रम्पेटवाला ओठ थरथरवतो, आपण रीड थरथरवतो. आणि नळी वरपासून खालपर्यंत रुंद होत जाते, शंकूसारखी. हा शंकू फार महत्त्वाचा. क्लॅरिनेटची नळी साधारण सरळ असते आणि त्यामुळे त्यात वरचा सूर काढायला गेलं की सा वरून थेट वरच्या सप्तकातल्या पंचमावर उडी बसते, म्हणजे बोटं सगळी वेगळी शिका. सॅक्समध्ये डाव्या अंगठ्याने ऑक्टेव्ह की दाबली की तीच बोटं, वरचं सप्तक. शिकायला सोपं म्हणतात ते यामुळेच, पण सूर पक्का ठेवायला अजिबात सोपं नाही, तिथे वर्षं जातात.

आता शंकूच्या आकाराची नळी, वर रीड, उघड्यावर दूरवर जाणारा आवाज. ओळखीचं वाटतंय ना? सनई! सनईची नळीही शंकूचीच, दक्षिणेतल्या नागस्वरमचीही. फरक एवढाच की सनईला दोन पात्यांची पत्ती लागते, सॅक्सला एकेरी रीड, आणि सनईत भोकांवर थेट बोटं पडतात तर सॅक्समध्ये मध्ये किल्ल्यांची यंत्रणा, वीसच्या वर किल्ल्या, प्रत्येकीखाली चामड्याचं पॅड. पण घराणं एकच म्हणायला हरकत नाही. सनई कुठे वाजते? नगारखान्यात, देवळाच्या दारात, वरातीत, मुहूर्ताला. त्यामुळे सॅक्स भारतात आल्यावर कुठे रुजणार हे त्याच्या नळीतच लिहिलेलं होतं असं मला अगदी मनापासून वाटतं.

याचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे कदरी गोपालनाथ. १९४९ चा जन्म, दक्षिण कन्नड जिल्ह्यातला, वडील नागस्वरम वाजवणारे. म्हणजे घरात शंकूची नळी आधीपासूनच. मुलाने म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये सॅक्सोफोन ऐकला आणि तो नादावलाच. परत तेच बघा, बँड. त्या माणसाने मग वर्षानुवर्षं घासून या विलायती वाद्यावर कर्नाटक संगीत आणलं, पूर्ण गमकांसकट, म्हणजे सूर हलवत, डोलवत. किल्ल्यांच्या वाद्यावर गमक काढायचं म्हणजे काय हे मी रोज अनुभवतो. सनईवाला बोट अर्धं सरकवून मींड काढतो, इथे किल्ली एक तर उघडी नाहीतर बंद, मधलं फारसं काही नाही, मग सगळं ओठांनी, जबड्याने, घशाच्या आकाराने करायचं. त्यांनी वाद्यात आपल्या सोयीचे बदलही करून घेतले. १९९४ मध्ये लंडनच्या बीबीसी प्रॉम्स या संगीत महोत्सवात वाजवायला बोलावलं गेलं, कर्नाटक संगीतातल्या कलाकाराला तिथे बोलावण्याची ती पहिलीच वेळ. २००४ ला पद्मश्री, २०१९ ला गेले. पण मला प्रॉम्सपेक्षा मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. आज त्यांच्या मुलखात देवळाच्या उत्सवात आणि लग्नात सॅक्सोफोन ही रोजची गोष्ट झालीय, नागस्वरमच्या जागी किंवा त्याच्या बरोबरीने, बायकाही वाजवतात, आणि कुणाला ते परकं वाटत नाही.

हे बघायला मंगळुरूला जायचीही गरज नाही. नेरुळला आमच्या ऑफिसमधल्या शेट्टीच्या बहिणीचं लग्न होतं, सकाळचा मुहूर्त. हॉलच्या दारातच दोन सॅक्सवाले, पांढरी लुंगी, कपाळाला गंध, गळ्यात पट्टा आणि सोनेरी आल्टो, म्हणजे मधल्या आकाराचा सॅक्स, शेजारी डोलू हा तिकडचा ढोल आणि टाळ, खाली खुर्चीवर श्रुतीपेटी चालू. मी बुफेकडे गेलोच नाही. एक जण आलाप घ्यायचा, दुसरा खाली षड्ज धरून ठेवायचा आणि मग अदलाबदल, अगदी सनईच्या जोडीत एक जण सूर देतो तसं. मुहूर्ताला भटजींनी हात वर केला आणि एकदम गट्टीमेळ, डोलू आणि दोन्ही सॅक्स पूर्ण ताकदीने, त्या क्षणी कुणाची शिंक किंवा वाईट शब्द कानावर पडू नये म्हणून. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये माईक नव्हता हो! माझ्या शेजारी बसलेल्या काकू मला म्हणाल्या, 'आमच्याकडे हे नसलं तर लग्न झाल्यासारखं वाटत नाही.' मला त्या वाक्याने फार बरं वाटलं, शाँ द मार्सवरच्या अडॉल्फ सॅक्सला हे ऐकायला मिळायला हवं होतं.

सिनेमाचं काय मग? सिनेमावर माझा राग नाही, उलट प्रेमच आहे. मुंबईत सॅक्स आला तो दोन वाटांनी, एक पलटणीच्या आणि संस्थानांच्या बँडमधून, दुसरी गोवेकरांकडून. गोव्यात चर्चच्या शाळांमधून पोरांना नोटेशन वाचायला शिकवायचे, त्यातले कितीतरी जण मुंबईला आले, हॉटेलांच्या डान्स बँडमध्ये वाजवू लागले आणि दिवसा स्टुडिओत. १९३५ ला लिओन अ‍ॅबीचा कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा बँड ताजमध्ये आला, तेव्हापासून मुंबईच्या जॅझचा बहर. हॉटेलातला सॅक्स ही प्रतिमा तिथून आली, आणि सिनेमाने ती उचलली.

आणि सिनेमातल्या सॅक्सचं सगळ्यात मोठं नाव, मनोहारी सिंग. नेपाळी घरातला, कोलकत्त्याचा माणूस. हे सुरुवातीला कुठे वाजवायचे माहितीये? बाटा कंपनीच्या ब्रास बँडमध्ये! चपलाबुटांच्या कारखान्याचा बँड. तिथून नाइट क्लब, मग सलील चौधरींच्या सांगण्यावरून १९५८ मध्ये मुंबई, आणि पुढची कित्येक दशकं हिंदी गाण्यातला सॅक्स म्हणजे मनोहारीदा. १९६४ च्या 'काश्मीर की कली' मधलं 'है दुनिया उसी की' घ्या, ओ. पी. नय्यरांचं. शम्मी कपूर नशेत, बार, सगळा ठरलेला मामला आहे. पण डोळे मिटून फक्त सॅक्स ऐका. रफीची ओळ संपते आणि तो जिथून उचलतो तिथे सूर आधी खालून घासत येतो, मग उघडतो, आणि उघडल्यावर तो अजिबात खोलीतला राहत नाही. तो भरलेला, छाती पुढे काढलेला सूर आहे. मला तरी त्यात बँडमध्ये तयार झालेला श्वास ऐकू येतो, लांब, न थरथरणारा, लांबवर पोहोचवायची सवय असलेला. बार पडद्यावर आहे, सुरात नाही. पुढे ते आर. डी. बर्मनचे अ‍ॅरेंजर झाले, बासू चक्रवर्तींबरोबर, ती वेगळीच मोठी गोष्ट आहे, कधीतरी स्वतंत्र लिहीन.

जॅझवर मी फार लिहीत नाही, त्यावर लिहिणारे भरपूर आहेत. पण तिथेही वाट तीच. अमेरिकेत सॅक्स पसरला तो आधी गिलमोर आणि सूझाच्या मोठ्या मिलिटरी थाटाच्या बँडमधून, मग १९२० च्या दशकात घराघरात वेड लागलं, आणि मग काळ्या वादकांनी त्याला बोलायला शिकवलं. कोलमन हॉकिन्सने १९३९ मध्ये एका ध्वनिमुद्रणात मूळ चाल जेमतेम दाखवून पुढचं सगळं स्वतःचं वाजवलं आणि टेनर सॅक्स, म्हणजे आल्टोहून मोठा आणि खालच्या सुराचा, काय असतो हे ठरून गेलं. चार्ली पार्करने १९५३ मध्ये टोरंटोला चक्क प्लॅस्टिकचा आल्टो वाजवला, आणि तरी तो पार्करच वाटतो, कारण सॅक्सचा आवाज धातूपेक्षा माणसाच्या तोंडात जास्त असतो. सॉनी रोलिन्स १९५९ पासून दोनेक वर्षं मैफली सोडून न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन रियाज करायचा, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून, वर आभाळ आणि खाली नदी. आणि जॉन कोल्ट्रेन. रविशंकरांचं संगीत त्याने इतकं जीव लावून ऐकलं की मुलाचं नाव रवी ठेवलं. तो सोप्रानो सॅक्स वाजवायला लागतो, सरळ नळीचा, तेव्हा महाराष्ट्रातल्या कुठल्याही माणसाला ऐकवा, तो म्हणेल सनई लागलीय.

परत आपल्या इकडे येतो. नवी मुंबईत करावे गावात एका मित्राकडे हळद होती. आगऱ्यांची हळद ज्याने बघितली नाही त्याला सांगून कळायचं नाही, मांडवात बायका धवले गातायत, बाहेर ब्रास बँड, आणि आख्खं गाव रात्रभर नाचतंय. त्या बँडमध्ये दोन ट्रम्पेट, एक क्लॅरिनेट, एक आल्टो सॅक्स, कीबोर्ड, आणि ढोल-ताशे-साइड ड्रम. मधल्या ब्रेकमध्ये मी सॅक्सवाल्या मास्तरांजवळ जाऊन बसलो. वाद्य जवळून पाहिलं. वरचं चकाकतं लॅकर बहुतेक सगळं उडालेलं, अंगठ्याची जागा घासून गुळगुळीत, एका किल्लीची स्प्रिंग तुटलेली होती तिथे रबरबँड गुंडाळलेला आणि नेकच्या बुचाला प्लंबर लोक वापरतात ती पांढरी टेप. रीड त्यांनी काढून जिभेवर धरली होती, सुकू नये म्हणून, आणि ती तशीच तोंडात एका बाजूला सरकवून ते माझ्याशी बोलत होते.

'मास्तर, रीड कितीची लावता?'

'दोन नंबर. अडीच लावली का रातभर दम पुरत नाय.'

रीडचा नंबर म्हणजे तिचा कडकपणा, नंबर वाढला की दम जास्त लागतो. मी म्हटलं मलापण शिकायचंय बाहेर वाजवायला. ते म्हणाले, 'आधी ट्रम्पेटच्या खाली राहायला शिक. त्यो वर आरडतो, आपन खालून धरायचं. आपन सोडलं का गानं पडतं.' हे मला कुठल्याही पुस्तकातून इतकं नीट कळलं नसतं. रस्त्यावरच्या बँडमध्ये ट्रम्पेट चाल सांगतो पण चालीला अंग देतो तो सॅक्स, मधल्या पट्टीतला, ज्याचा आवाज लोकांना वेगळा ऐकू येत नाही आणि तो थांबला तर मात्र काहीतरी गेलं हे सगळ्यांना कळतं. नंतर पहाटेकडे सगळे दमले तेव्हा त्यांनी एकट्याने एक जुनं कोळीगीत घेतलं, अगदी संथ, फक्त साइड ड्रमवर बोटं, आणि मांडवातल्या म्हाताऱ्या बाहेर येऊन उभ्या राहिल्या. तेच पितळ, तीच दोन नंबरची रीड.

अशा मास्तरांना वाद्यं मिळतात कुठून तर बहुतेक मेरठहून, तिथे जली कोठी म्हणून भाग आहे जिथे बँडची वाद्यं पिढ्यान्पिढ्या बनतात. विलायती सॅक्स लाखांच्या घरात जातो, फ्रान्सच्या सेल्मर कंपनीचं १९५४ मध्ये आलेलं मार्क सिक्स मॉडेल तर लोक देव्हाऱ्यात ठेवल्यासारखं जपतात. मेरठचा त्या मानाने स्वस्त, सुराला थोडा वाकडा, पण वाजवणारा ओठांनी सरळ करून घेतो. त्या वाकड्या वाद्यातून सरळ सूर काढणाऱ्या माणसाला आपण 'बँडवाला' म्हणतो, आणि बंद हॉलमध्ये तेच वाजवणाऱ्याला 'आर्टिस्ट', हे मला अजिबात पटत नाही. कोट लाल आहे म्हणून कला कमी होत नाही.

आता आवाजाची ही जागा कमी होत चाललीय. वरातीत डीजे, मिरवणुकीत ढोल-ताशा. पथकांबद्दल मला आदर आहे, गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत ठाण्याच्या राम मारुती रोडवर पथक वाजतं तेव्हा माझ्याही अंगावर काटा येतो, पण त्यात सूर नाही, चाल नाही. पूर्वी मिरवणूक लांबून यायची ती गाणं घेऊन यायची, घरात बसून कळायचं कुठलं गाणं चाललंय. डीजेला भिंत हलवता येते, पण त्याला श्वास नाही, तो पुढे सरकणाऱ्या माणसांबरोबर दमत नाही, थांबत नाही. आगरी-कोळी लोकांनी ब्रास बँड जिवंत ठेवलाय, आणि खरं सांगायचं तर ठाणे आणि नवी मुंबईत आज सगळ्यात जास्त तास सॅक्स वाजत असेल तर तो याच लोकांच्या अंगणात वाजतो असं मला वाटतं. शहरातल्या संगीतप्रेमींनी तिकडे जाऊन ऐकायला पाहिजे.

ज्यांना शिकायचंय त्यांच्यासाठी थोडं कामाचं. आल्टोपासून सुरू करा, टेनर जड पडतो, सोप्रानो सुरात राहत नाही. पेटीवाल्यांना पहिल्यांदा गोंधळ होतो तो पट्टीचा. आल्टोवर ज्याला सी म्हणतात तो वाजवला की पेटीवर काळी दोन वाजते, टेनरवर काळी पाच. म्हणजे गायकाने पांढरी एक सांगितली तर आपल्याला डोक्यात हिशोब करावा लागतो. पण अडॉल्फ सॅक्सने एक शहाणपणा केला, सोप्रानो ते बॅरिटोन सगळ्या भावंडांवर बोटं तीच, एक शिकला की सगळे हातात येतात. लष्करातल्या शिपायांना पटकन वाद्य बदलता यावं याला ते फार सोयीचं.

आपल्या हवेत पावसाळा हा मोठा शत्रू. पॅडचं चामडं दमट होतं आणि चिकटतं, त्यात जी शार्पची किल्ली सगळ्यात आधी. ती उघडतच नाही आणि ऐन वेळी सूर गायब. सिगारेटचा पातळ कागद पॅडखाली ठेवायचा, किल्ली हलकेच दाबायची, ओल शोषली जाते. कागद ओढून मात्र काढू नका, चामडं फाटतं, किल्ली उचलून काढा. वाजवून झालं की आतून फडकं फिरवल्याशिवाय पेटीत ठेवायचा नाही. रीड ओली तशीच डबीत बंद केली की आठवड्यात बुरशी, तिला सपाट काचेवर सुकू द्या.

आणि फ्लॅटमध्ये खिडक्या बंद करून, उशा लावून, माउथपीसमध्ये जेमतेम फुंकर घालून रियाज करू नका. मी सुरुवातीचे महिने तसंच काढले आणि आवाज चिमटलेला राहिला. आता सुट्टीच्या दिवशी सकाळी कोलशेतला खाडीकाठी जातो, तिथे मॉर्निंग वॉकवाले सोडले तर कुणी नसतं. पहिले दहा मिनिटं फक्त लांब सूर, एकच सूर जितका वेळ श्वास पुरेल तितका, भिंत नाही त्यामुळे आपला आवाज परत येत नाही आणि मग आपोआप पोटातून फुंकलं जातं. आमच्या सरांनाही फरक लगेच कळला. उघड्यावरच्या सुरात जे भरीवपण येतं ते घरात आलंच नव्हतं.

या नारळी पौर्णिमेला चेंदणीला जाणार असाल तर पुढे ट्रम्पेटवाल्यांसमोर गर्दी असते तिथे थांबू नका. मागच्या ओळीत जा, वाकड्या मानेचं वाद्य गळ्यात अडकवलेला माणूस शोधा आणि त्याच्या बाजूने बंदरापर्यंत चाला. गाणं तुम्हाला माहीत असलेलंच असेल, पण त्याच्याजवळून ते वेगळं ऐकू येतं. आणि मास्तर रीड ओली करायला थांबले तर नाव विचारा, बोला त्यांच्याशी, आवडतं त्यांना. मी तर जाणारच आहे, यावेळी जमलं तर सॅक्स घेऊन, ट्रम्पेटच्या खाली.